लेथवरचा हातमोजा

खाडकन् थोबाडीत बसली आणि दादाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले! आईमागे ज्या धाकट्या भावाला त्याने तळहाताच्या फोडासारखं जपलं, त्यानेच आज घराच्या पुढच्या खोलीतल्या वर्कशॉपमध्ये त्याच्यावर हात उगारला होता...

"फिरत्या लेथवर हातमोजा? अख्खा हात आत ओढला गेला असता!" धाकट्याने बटण बंद केलं, पण त्याचं डोकं काही थांबेना. त्याने पाना भिंतीवर भिरकावला, तेलाचा डबा लाथेने उडवला, दादाची कॉलर धरून त्याला दारावर आपटलं. "लहानपणी मी एकदा घातला होता, तेव्हा म्हणालास, पुन्हा घातलास तर हात तोडीन! आणि आता महिनाभर माल बिघडवतोयस, हातमोजे घालून साहेबासारखा मिरवतोयस!"

दादा सांगणार तरी काय? आई कर्करोगाने गेली तेव्हा या पोराने भिंतीवर डोकं आपटून रक्तबंबाळ करून घेतलं होतं, आणि तेच दुखणं आता दादाच्या पोटात शिरलं होतं. केमोच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लालबुंद होऊन सोलवटत होते, पाना धरला की भेगांतून रक्त यायचं. असं झालं तर लगेच कळवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण गोळ्याच बंद झाल्या तर, या धास्तीने त्याने त्यांनाही सांगितलं नव्हतं.

"काढ तो!" म्हणत धाकट्याने हातमोजा हिसडला, आणि दादा किंचाळला! हातमोज्याबरोबर कातडीही निघाली होती. लालभडक तळव्यातून रक्त फरशीवर ठिबकू लागलं.

किंकाळी ऐकून वहिनी आतून धावत आली. "भाऊजी, सोडा यांना! सासूबाईंचंच दुखणं आहे हो यांना... कुणाला सांगू नकोस म्हणून मला शपथ घातली होती यांनी!"

धाकटा पांढराफटक पडला. मग ज्या हाताने मारलं तोच हात मूठ वळून लेथच्या लोखंडावर आपटू लागला... एकदा, दोनदा, बोटं फुटेपर्यंत! दादाने सोललेल्या हाताने त्याचं मनगट पकडलं.

"बस कर! मरणाला नाही रे भीत मी... तुझ्या या रूपाला भितो! म्हणून नाही सांगितलं."

"नाही करणार असं पुन्हा... पण मला परकं करू नकोस, दादा!" धाकटा लहान पोरासारखा हुंदके देत त्याच्या पायाशी बसला.

वहिनीने डॉक्टरांना फोन लावला. गोळ्या थांबवा, आत्ताच्या आत्ता या, असं ते म्हणाले. हात बरे झाले की कमी प्रमाणात पुन्हा सुरू करता येतील. इतके दिवस उगीचच यातना सोसल्या, हे दादाला आत्ता कळत होतं.

धाकट्याने गार पाण्याने दादाचा हात हळुवार धुतला. त्याची स्वतःची बोटंही रक्ताळलेली होती. "उद्यापासून लेथजवळ आलास ना," तो रडत रडतच दरडावत होता, "तर हात तोडीन!"

दादाच्या गालाची आग अजून शमली नव्हती, तरी त्याला हसू फुटलं.

"तोड हो... आधी बांध तरी!"