भुजंगरावांच्या गाडीचं मूळ इंजिन

माणिकप्पा मिस्त्री नांदेडहून सकाळच्या यष्टीनं निघाला, तेव्हा त्याच्या पिशवीत एक पंचा, तंबाखूची चंची आणि पोलादी ठशांचा एक डबा होता. शून्यापासून नवापर्यंतचे आकडे इंजिनावर ठोकायचे ते ठसे. सरळ कामाला असला डबा सहसा लागत नाही, आणि माणिकप्पा सरळ कामाला निघालाही नव्हता.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. स्टँडावर, कचेरीवर, पाहावं तिकडं ताज्या रंगाच्या पाट्या. पाट्यांना रंग मिळाला, पण नळांना पाणी काही मिळालं नव्हतं. पाऊस त्याही साली तोंडदेखलाच पडला होता. माणिकप्पा लातूरला उतरला, रेणापूरच्या गाडीत बसला, आणि ऐन दुपारी भुजंगरावांच्या गावच्या रस्त्याला लागला. दहा-अकरा वर्षं त्यानं हा रस्ता टाळला होता. पण भुजंगरावांचं पत्रच तसं होतं. 'लाल गाडी विकायची आहे. गिऱ्हाईकाला इंजिन मूळचंच पाहिजे. येऊन नंबर जुळवून दे. आला नाहीस तर बहात्तरचं सगळं तुझ्या नावानं सांगतो.'

लाल गाडी म्हणजे निजामाच्या अमलातली, दोन शिटांची, लांब नाकाची विलायती रेसची गाडी. भुजंगरावांच्या वडिलांनी ती हैदराबादहून आणली, तेव्हा म्हणे चार गावची माणसं बघायला लोटली होती. आता ती वाड्यामागच्या गाडीखान्यात पोत्यांखाली पडून होती. भुजंगरावांनी कमरेच्या किल्लीनं कुलूप काढलं.

माणिकप्पानं बॉनेट उचललं, इंजिनावरचा नंबर पुसला, त्यावर कागद धरला आणि शिसपेन्सिल आडवी घासली. असं घासलं की खालचा आकडा कागदावर उमटतो. कचेरीत हाच ठसा चालतो. ४८७५ उमटलं. उमटणारच. हैदराबादच्या भंगारबाजारातून आणून हे इंजिन त्यानंच बहात्तर साली बसवलं होतं. गाडीच्या जुन्या पुस्तकात मात्र २१६० लिहिलेलं होतं.

"उद्या सकाळी कानस मारतो, नवा नंबर ठोकतो," तो म्हणाला.

"गिऱ्हाईक धा वाजता येतंय. उशीर नगं," एवढं बोलून भुजंगराव जेवायला गेले.

माणिकप्पा कागद खिशात घालून बाहेर आला, तर समोर उन्हात चांगुणा उभी. भुजंगरावांच्या गड्याची, भीमाची बायको. वाड्याच्या सावलीतसुद्धा आली नव्हती, चार हात लांब उभी होती. केस पार पिकले होते. कपाळावर कुंकू मात्र ठळक.

"मिस्त्री, वळखलं का?"

"हाव… वळखलं की."

"त्या दिवशी भाकर बांधून मी त्येंना मोसंबीच्या विहिरीवर धाडलं. तुमी तितंच हुते. मालक म्हणतेत, मुंबईला पळाला. कुणी म्हणतं, दुसरी केली. मला कायबी नगं, मिस्त्री. निस्तं एक सांगा. हे कुंकू लावू का पुसू?"

"मला काय ठाव, बाई," तो म्हणाला. ती आल्या वाटेनं गेली. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण वाटून काय उपयोग!

त्याला सगळं ठाऊक होतं. बहात्तरला बाग जळायला लागली. पाणी इतकं खोल गेलेलं की वरून पंप ओढेना. डिझेल इंजिन मागूनही मिळेना. तेव्हा ही अक्कल माणिकप्पानंच काढली. गाडीचं इंजिन उपसायचं, त्याला पंप जोडायचा आणि विहिरीतल्या कपारीवर उतरवायचं. साखळीच्या कप्पीनं त्यानं आणि भीमानं दोघांनी ते खाली सोडलं. इंजिनाजवळ बसायला माणूस हवा होता. ज्या विहिरीला चांगुणेची घागर लागलेली चालत नव्हती, तिच्यात भीमाला उतरवताना कुणाला काही वाटलं नाही. धूर वर न्यायला पाईप पुरला नव्हता, तो खालीच साचणार, हेही माणिकप्पाला दिसत होतं. तासाभराचं तर काम, असं तो मनाशी म्हणाला.

भीमाच्या कमरेचा दोर माणिकप्पाच्या हातात होता. दोराला दोन हिसके बसले. वर ओढ, म्हणून.

"थांब," भुजंगराव म्हणाले. "पानी आत्ता कुठं बागंला लागून राह्यलंय."

माणिकप्पा थांबला. एक बिडी ओढून होईल एवढाच वेळ. मग इंजिन आपोआप बंद पडलं, हाकेला ओ आली नाही, आणि ओढून पाहिलं तर दोर नुसता जड. भुजंगराव म्हणाले, सोड दोर. त्यानं सोडला. सांजेपर्यंत दोघांनी पहारी घालून कडेची दरड आत लोटली. विहीर ढासळली, असं गावाला सांगितलं. भीमा आणि २१६० नंबरचं इंजिन त्या दिवसापासून तिथंच होती.

ती रात्र त्यानं मारुतीच्या पारावर काढली. सकाळी भुजंगरावांनी गाडीखान्याचं कुलूप काढलं आणि आधी वासच बाहेर आला. ओल्या गाळाचा. साऱ्या शिवारात ओली म्हणावी अशी जागा नव्हती, आणि इथं विहिरीच्या तळाचा वास सुटला होता.

माणिकप्पानं बॉनेट उचललं. आतलं इंजिन काळ्या गाळानं माखलं होतं. त्याच्या अंगावरून पाणी निथळून फरशीवर पडत होतं… टप्… टप्… त्यानं पंचा काढला आणि नंबर पुसला. कागद धरला, पेन्सिल घासली.

२१६०.

त्यानं दुसरा कागद घेतला. २१६०. तिसऱ्यावरही तेच. कालचा कागद खिशात होता, त्यावर ४८७५ जसाच्या तसा. दोन माणसं आणि साखळीची कप्पी असल्याशिवाय असलं इंजिन हलत नाही. फरशीवर ओरखडासुद्धा नव्हता. बसवलेलं ४८७५ कुठं गेलं, ते देवालाच ठाऊक.

"आरं वा!" भुजंगरावांनी कागद बघून त्याच्या पाठीवर थाप मारली. "रातीतच उरकलंस व्हय? पन ह्यो गाळ कशापाई फासला? जुनं दिसाया?"

"मालक… मी न्हाई."

"मंग कोन?"

"कुलपाची किल्ली तुमच्याकडं हाय. मी पारावर हुतो."

भुजंगरावांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"पूस," ते पुटपुटले. "पूस ते समदं. आन एक शब्द बोलू नगंस."

दहाला गिऱ्हाईक आलं. पुण्याचे एक इंजिनिअर, जुन्या गाड्यांचे वेडे. त्यांनी भिंग लावून नंबर तपासला, स्वतः पेन्सिल घासून ठसा घेतला, तो जुन्या पुस्तकाशी ताडून पाहिला. एकेक आकडा जुळला.

"मूळ इंजिन असलेली गाडी हल्ली बघायलाही मिळत नाही," ते म्हणाले. "फार जपलंत हो तुम्ही."

हँडल मारल्याबरोबर इंजिन सुरू झालं. इतकी वर्षं गाळात पडलेलं इंजिन असं पहिल्या फेऱ्याला सुरू होत नाही, हे माणिकप्पाइतकं कुणाला कळणार? मागून धूर निघाला. तो वर गेला नाही. फरशीवरून पसरत आला आणि तिघांच्या पायांशी साचून राहिला. साहेब जरासे खोकले, खुशीत होते, त्यांनी लक्ष दिलं नाही. माणिकप्पा मात्र धडपडत दाराशी आला आणि तोंड उघडून हवा ओढत राहिला.

साहेबांनी कागद लिहिला. 'इंजिन मूळचेच असून आजवर गाडीतून कधीही काढलेले नाही.' खाली मिस्त्रीची सही हवी होती.

भुजंगराव त्याच्या कानाशी आले. "बघ, देवानंच सोडवलं आपल्याला. इंजिन कवा निघालंच न्हाई, तर विहिरीत कशाचं उतरलं? आन मंग भीमा तरी तितं कशाला आसंल? कर सही."

माणिकप्पानं सही केली. नंबर खरा, ठसा खरा, आणि त्या कागदानं भीमा दुसऱ्यांदा गाडला गेला. साहेबांबरोबर त्यालाही चहा आला. कप तसाच ठेवून तो निघाला. पाय फाट्याकडं वळायच्या ऐवजी बौद्धवाड्याकडं वळले. आता पोलीस येवोत, फाशी होवो, पण त्या बाईला सांगून टाकायचं. विहाराच्या पलीकडं तिचं घर होतं. चांगुणा दाराशी चुलीपुढं बसून भाकरी थापत होती.

तो उभ्यानंच बोलला. बिडीएवढा वेळ थांबलो तेही सांगितलं, दोर सोडला तेही सांगितलं. सांगता सांगता तो रडायला लागला.

"पूस, बाई, ते कुंकू. तवाच पुसायचं हुतं. भीमा त्याच दिशी गेला. आमीच मारला त्येला."

चांगुणेनं तव्यावरची भाकर उलटली. तिच्या तोंडावर राग नव्हता, आनंद तर नव्हताच. रात्रभर जागलेल्या माणसासारखी ती दमलेली दिसत होती.

"हळू बोला, मिस्त्री," ती म्हणाली. "तांबडं फुटताना आलेत. अंगभर गाळ आन आईल. कुठं हुते म्हनून इचारलं, तर बोलले न्हाईत. काम करून आलो, दमलो, एवढंच म्हनले."

माणिकप्पानं डोळे पुसले. "क… कोन?"

"आत निजलेत," चांगुणेनं दाराकडं मान वळवली. "तुमचंच नाव घेत हुते. उठवू का?"