मैथिलीचं विधेयक आणि माझी हरकत

लोकसभेत मांडून महिना उलटला, तरी मैथिलीचं विधेयक (कायद्याचा मसुदा) कायदा का होत नव्हतं, हे मला कळेना. मनातून मात्र बरं वाटत होतं.

मैथिली माझी आतेबहीण, माझ्याहून तीन महिन्यांनी मोठी. २०७१ च्या उन्हाळ्यात तिने मंत्र्यांना पत्र लिहिलं, की घरातल्या यंत्रमानवांनी मुलांचं बोलणं साठवू नये. सरकारला ते पटलं आणि पुढच्या वर्षी त्यांनी तसं विधेयक मांडलं. तेव्हापासून आजोबांच्या तोंडी तिचंच नाव. यंत्रमानव बनवणारे माझे आजोबा कालपर्यंत केतकी, केतकी करायचे. माझा नुसता जळफळाट झाला.

"आजोबा, अ-अडलंय कुठे?" मी विचारलं.

"अडलं नाही, तपासलं जातंय. सध्या ते संसदेच्या समितीकडे (खासदारांच्या छोट्या गटाकडे) आहे. मग लोकसभेत मतदान, मग राज्यसभेत, मग राष्ट्रपतींची सही. तेव्हा कुठे कायदा होतो. तो अमलात आणायचा सरकारने. आणि राज्यघटनेला धरून नसेल, तर न्यायालय तो रद्द करू शकतं."

"म्हणजे कुणा एकाच्या हातात सगळं नाही?"

"नसावंच. समितीने तर लोकांकडून हरकतीही मागवल्यात."

हरकती म्हटल्यावर मी कान टवकारले. मी बोलताना अडखळते. आमचा यंत्रमानव टिप्या माझं रोजचं बोलणं साठवतो आणि जिथे अडतं तिथला सराव करून घेतो. हा कायदा झाला तर तो ते सगळं विसरणार होता. मी तसं समितीला लिहिलं आणि खाली ठसक्यात घातलं, विधेयक रद्द करा.

पावसाळी अधिवेशनात ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. राष्ट्रपतींची सहीही झाली. मी टिप्याला धरून रडले.

"आधी कलम सहा वाच," आजोबा म्हणाले.

उपचारासाठी, मूल आणि पालक यांच्या संमतीने, बोलणं साठवता येईल. माझ्या हरकतीवरून समितीने सुचवलेली दुरुस्ती होती ती.

"मैथिलीचं प-पडावं म्हणून लिहिलं होतं मी," मी कबूल केलं.

"ठाऊक आहे. समितीने तुझ्या मनातलं विचारलं नाही. तू दाखवलेली चूक खरी आहे का, एवढंच पाहिलं."

संध्याकाळी मैथिलीचा फोन आला. "कलम सहा तुझं ना? मला सुचायला हवं होतं ते," ती म्हणाली. तिच्या सुरातला जळफळाट मला चांगलाच ओळखीचा होता.

आता सरकार या कायद्याचे नियम करणार आहे. या वेळी आम्ही दोघी मिळून सूचना पाठवणार आहोत. पहिली सही कुणाची, यावर मात्र भांडण चालू आहे.