दगडावरची पाच नावं

एका दगडावर कोरलेली पाच नावं कागदावर उतरवून घ्यायची, एवढ्यासाठी डॉ. श्रीनिवासांनी एप्रिल २००३ मधल्या एका रविवारी बायकोला, वरदाला, लंडनजवळच्या स्लाऊहून चार तास गाडीत कोंबून यॉर्कशरच्या माळावर आणलं. १८५१ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात वणवा पेटला. त्यात एका मेंढपाळाचं सगळं कुटुंब गेलं आणि इथे राहिलेल्या त्याच्या भावाने हा दगड कोरला. श्रीनिवासांच्या त्या वणव्यावरच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण या दगडावाचून तीन वर्षं अडलं होतं. ओंडके धुमसत सोडून तो वणवा लावणाऱ्या बैलगाडीवाल्यांना मात्र त्यांनी आधीच धारेवर धरलं होतं. ती पानं जेवताना ऐकून ऐकून वरदाचे कान किटले होते!

माळभर गुडघाभर वाळकी झुडपं. पाय सारखे अडकत होते.

"अहो, हे कुंपण आपण तिसऱ्यांदा बघतोय."

"दुसऱ्यांदा, अगं."

दगड सापडला दोन वाजता. कागद लावून खडू घासताच पाचपैकी चार नावं उमटली, आणि साहेबांना भूक लागली. गार खिचडी यांच्या घशाखाली उतरत नाही ना! निघाला छोटा गॅस.

"वारा आहे हो. एक दिवस गार खा."

"दोन मिनिटांत होते."

वारा फिरला. गॅस कलंडला. झुडूप पेटलं! श्रीनिवासांनी जॅकेट आपटलं, तशी ठिणग्या उडून आग दुप्पट झाली. बघता बघता ज्वाळा कमरेएवढ्या! ते वाऱ्याच्या दिशेने पळत सुटले. वरदाने त्यांची कॉलर धरली.

"तिकडे कुठे? तुम्हीच लिहिलंय ना, जळून गेलेल्या जमिनीवर जे गेले ते वाचले?"

"माझा कागद..."

"मरू दे तो कागद!"

आगीची कड जिथे बुटकी होती तिथून तिने त्यांना ओढत उडी मारली. पायाखाली गरम राख. पलीकडे कागद भपकन जळाला.

तासाभराने बंबवाले आले. आग कशी लागली, असं त्यांनी विचारलं. "फुटक्या काचेने लागली असेल म्हणून सांगा," वरदा मराठीत कुजबुजली.

"मी लावली," श्रीनिवास इंग्रजीत म्हणाले. "जेवण गरम करायला."

गाडीत बसल्यावर त्यांनी वही काढून बैलगाडीवाल्यांवरची दोन पानं खोडली. वरदाने खांद्यावरच्या पिशवीत वाचलेला आपला डबा त्यांच्यापुढे सरकवला. खिचडी पार गार होती. त्यांनी ती मुकाट्याने संपवली.