‘येतो’ म्हणायची शिकवणी

शेजारच्या काकूंच्या मांजराची नखं कापायला आलेला डॉक्टर चुकून आमच्या घरात शिरला. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात टॉवेल.

"पेशंट कुठंय?"

"पलंगाखाली."

तो वाकला. मग सावकाश म्हणाला, "मांजर बरंच वाढलंय…"

पलंगाखाली आमचा साहेब होता. वय सात, वजन बत्तीस किलो, जात कुत्र्याची, रुबाब बाबांच्या ऑफिसातल्या वरिष्ठांचा. आयुष्यात कशालाही न भ्यायलेला हा प्राणी पंधरा दिवसांपासून घराच्या दाराला घाबरत होता. फिरायला जाईना, जेवेना. बरगड्या दिसू लागल्या होत्या. बाबांना जाऊन दीड महिना झाला होता, आणि आता हाही… हे वाक्य मी पुरं करत नव्हते.

डॉक्टरनं मांजराला ताटकळत ठेवलं. पालथं पडून त्यानं साहेबाचे कान, दात, पाय तपासले. "दुखत काही नाहीये. कशाला तरी भ्यायलाय." साहेबानं त्याचा हात हुंगला, नाक बाहेर काढलं. डॉक्टरचे डोळे हसरे आहेत हे मला तेव्हाच दिसलं. ते तपासणीत मोडत नव्हतं, तरी.

"बरं, येतो," म्हणून तो उठला — आणि साहेब थरथरत भिंतीला चिकटला.

"मी काय केलं?"

"चेहरा असेल…"

"चेहरा मघापासून हाच आहे." तो विचारात पडला. "निघतो." काही नाही. "जातो." काही नाही. "येतो." — थरथर.

"हा शब्द घरात कोण म्हणायचं?"

मी फोनमधला निरोप ऐकवला नाही, नुसता सांगितला. ऑपरेशनला नेण्याआधी बाबांनी पाठवलेला — ‘येतो गं मी. साहेबाला सांग, येतो म्हणून.’ रोज संध्याकाळी मी तो मोठ्यानं लावायचे. रोज साहेब दाराकडे धावायचा. रोज दार बंदच राहायचं.

"त्याला तो शब्द खोटा वाटायला लागलाय," डॉक्टर हळूच म्हणाला. "निरोप तुम्ही एकट्यानं ऐका. शब्द मी खरा करून देतो."

मग शिकवणी सुरू झाली. रोज दुपारी डॉक्टर यायचा, ‘येतो’ म्हणून बाहेर पडायचा, दहा आकडे मोजून परत यायचा, साहेबाला बिस्किट द्यायचा. पुन्हा ‘येतो’. एका दुपारी तो तीस वेळा गेला. काकूंनी दारातून विचारलं, "अगं, ह्याचं नक्की ठरत का नाहीये?"

दहा आकड्यांची पाच मिनिटं झाली.

"पाच मिनिटं बाहेर काय करता?"

"जिन्यात बसतो. तुमची आठवण काढतो."

"पाचही मिनिटं?"

"पहिली तीन कुत्र्याची असतात."

तिसऱ्या आठवड्यात साहेब बाहेर येऊन पोटभर जेवला. "आज एक तास," डॉक्टर म्हणाला. "येतो."

एक तास झाला. दोन झाले. चार झाले. फोन लागेना. साहेब उठला आणि गुपचूप पलंगाखाली गेला. मी दार उघडून उंबरठ्यावर बसले.

दिवेलागणीला तो जिना चढून आला. शर्टभर चिखल. "गाय अडली होती… वासरू उलटं… फोन बादलीत पडला…"

"येतो म्हणाला होतास!" मी ओरडले. "सगळे म्हणतात!"

आणि रडूच फुटलं. दोन महिने मी सह्या केल्या, दाखले आणले, भेटायला येणाऱ्यांना चहा दिला. हेच तेवढं राहून गेलं होतं.

मागे नखं वाजली. साहेब पलंगाखालून निघून थेट दारापर्यंत आला, आणि त्यानं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं.

"बाबा येणार नाहीत रे," मी त्याला म्हणाले. पहिल्यांदाच. त्यानं मान हलवली नाही. त्याला बहुतेक कळलं होतं. मलाच म्हणायचं राहिलं होतं.

डॉक्टर एक पायरी खाली उभा होता. "अहो-जाहो संपलं वाटतं?"

"रागात होते."

"मग राग गेल्यावर पुन्हा…?"

मी मान हलवली. नाही.

"मला उशीर होतच राहणार," तो म्हणाला. "गायी वेळ विचारून अडत नाहीत. पण साहेब बरा झाल्यावरही मला यायचंय — तुझ्याकडे."

उंबरठ्यावर दोघांपुरतीच जागा होती. मी सरकले. कुरकुरत का होईना, साहेबही सरकला.