शेनं लिहिलेला जोडीदार

आणखी लाकडं नकोत रे, आहे तेवढ्या उजेडात भागतंय. आणि तू, छातीवर एवढे बिल्ले लटकवून जंगलात कुणाला दाखवतोयस? काढून खिशात ठेव. ते बघूनच मला शे आठवला.

शे वेन-चांग. इथंच मियाओलीत आपल्या स्काऊट पथकाचा प्रमुख होता, बारा वर्षं मी त्याच्या हाताखाली काढली. नाव मोठं, लक्षण खोटं. त्याला धड एक गाठ मारता यायची नाही, पण गणवेश असा कडक इस्त्रीचा की नवरदेवानं लाजावं. त्याचा मुलगा यू-हान मात्र गुणी पोरगा, तेव्हा चौदा वर्षांचा. बापाला त्याच्यासाठी सगळ्यात वरचा पुरस्कार हवा होता, कारण चांगल्या शाळेच्या प्रवेशाला त्याचे गुण धरतात. परीक्षा एकच उरली होती. रात्री बारा किलोमीटर डोंगरवाट चालायची आणि काय दिसलं, किती वाजता, ते वहीत लिहायचं. एकट्यानं जायला बंदी. वहीवर जोडीदाराचं नाव आणि सही लागते.

यू-हानला अंधाराची भीती. बाप म्हणाला, तू झोप, मी बघतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, संध्याकाळचे साडेसात. शे गाडी काढून डोंगराच्या पायथ्याला गेला आणि तिथल्या चोवीस तास उघड्या दुकानात ठाण मांडून बसला. चहात उकडलेली दोन अंडी घेतली आणि सोलता सोलता डोंगर चढायला लागला, कागदावर! ‘दहा वाजून दहा, झुलता पूल. वारा मंद.’ वारा कसला, डोक्यावर एसी होता.

आता जोडीदार कोण? जिवंत पोराचं नाव घालावं, तर ते पोर कुठंतरी बोलणार. मग या दीडशहाण्यानं पथकाच्या जुन्या हजेरीतलं नाव उचललं. फान गुओ-दोंग. सव्वीस वर्षांपूर्वी हीच परीक्षा देताना त्याच पुलावरून नदीत पडून गेलेला चौदा वर्षांचा पोरगा. शेला हे पक्कं ठाऊक होतं. पुढं मला तोंड वर करून म्हणाला, “मेलेला पोरगा कुणाला सांगायला जाणार होता?” माणूस कोडगा असावा, पण किती? बरोबर आठ वाजता त्यानं ते नाव लिहिलं. खाली ‘शपथेवर खरं’ असं छापलेलं असतं, तिथं त्या पोराची सहीही ठोकली.

पावणेदहाला बायकोचा फोन आला. पोरांकडे पाणी पुरेसं आहे ना, विचारत होती.

“कुठली पोरं?”

“म्हणजे काय? आठ वाजता जोडीदार आला की, यू-हानला न्यायला. तुम्हीच पाठवलंत ना? नाव फान सांगितलं त्यानं. कपडे ओले होते बिचाऱ्याचे. बदल म्हटलं, तर म्हणाला, उशीर झालाय...”

शेनं अंडं तसंच टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस खरोखर डोंगर चढला. पडला, उठला, पुन्हा पडला. हाक मारावी, तर रात्री आपण डोंगरात नाव घेत नाही. ज्यानं ऐकू नये, तोही ऐकतो.

पूल आला.

वारा नव्हता. पूल हलत होता.

पुलावर कुणी नव्हतं... खाली पाणी वाजत होतं. शेनं खाली बघितलं नाही. धीरच झाला नाही त्याला.

पुढचे चार किलोमीटर तो रडत चालला. वाट संपते तिथल्या दगडावर यू-हान बसला होता. एकटा. शांत.

“तो...?”

“आत्ता गेला.”

“कुठं?”

“घरी. म्हणाला, त्याचं पुलापुढचं राहिलं होतं.” मग पोरगा म्हणाला, “पुलावर मी घाबरलो, बाबा. त्यानं हात धरून नेलं.”

तुम्हाला वाटेल, शेनं ती वही जाळली असेल. छट्! सोमवारी नेऊन दिली. पुरस्कारही मिळाला. वर कोण जुनी नावं तपासतंय? समारंभात पाहुण्यांनी आपल्या रीतीनं डावा हात पुढं केला. आपण स्काऊट डावाच हात देतो ना? यू-हाननं डावा हात दिला, आणि पाहुण्यांनी चटका बसल्यासारखा मागं घेतला. इतका गार होता तो.

त्या हातावर चार बोटांचे वळ आहेत. मी स्वतः बघितलेत. शे सगळ्यांना सांगतो, ॲलर्जी आहे, औषध चालू आहे. यू-हान आता बापाहून उंच झालाय, पंजाही तसाच रुंद. वळ मात्र वाढले नाहीत. चौदा वर्षांच्या पोराच्या बोटांएवढेच आहेत, आणि कधी बघावं तेव्हा ओले असतात.