चेहऱ्यानेच उघडणारा फोन

"मॅडम, लगेच या. फाटकाबाहेर लोक जर्मनचे टी-शर्ट जाळतायत!"

फोन फुटबॉल क्लबच्या व्यवस्थापकाचा होता. सायबर शाखेच्या निरीक्षकबाई तडक निघाल्या.

जर्मन हे क्लबच्या मिडफिल्डरचं नाव. गोल फारसे करत नसे, पण इंटरनेटवर त्याच्याइतका लाडका खेळाडू दुसरा नव्हता. नुसता कॉफीच्या कपाचा फोटो टाकला तरी लाखो लोक बदाम पाठवत. आज सराव चालू असताना त्याच्याच खात्यावरून एक ओळ गेली होती : 'तुमच्या टाळ्यांची मला किळस येते.'

"मी मैदानात होतो," जर्मन कळवळून म्हणाला. "सगळ्यांनी पाहिलंय. फोन इथे, खेळाडूंच्या खोलीत, माझ्या कपाटात."

"कुलूप?"

"कधीच लावत नाही."

"आणि फोन उघडतो कसा?"

"माझा चेहरा दाखवून. आकड्यांनीही उघडतो, पण ते मलाच आठवत नाहीत."

शेजारचं कपाट कप्तानाचं होतं.

"जळता याच्यावर?" बाईंनी थेट विचारलं.

"जळतो की! गोल मी मारायचे आणि कौतुक याच्या केसांचं. पण मीही मैदानातच होतो. याच्याकडूनच पास घेत होतो."

कोपऱ्यात जर्मनचा भाऊ बुटांच्या पिशव्या भरत होता. जर्मनचं सामान, प्रवास, सगळं तोच बघायचा. टोपी पार भुवयांपर्यंत ओढलेली.

"तुम्ही थोरले?"

"थोरला कसला! काही मिनिटांचा फरक."

"सरावाच्या वेळी कुठे होता?"

"धुलाईच्या खोलीत. एकटाच."

"टोपी काढा जरा."

कपाळ आणि नाक उन्हाने रापलेलं. गाल आणि हनुवटी मात्र फिक्कट. कानाजवळ ताजा ओरखडा.

बाईंनी खोलीचं दार लावून घेतलं.

"फोनला जर्मनचा चेहरा हवा होता, आणि तो चेहरा तर मैदानात होता. म्हणजे तसाच दुसरा चेहरा हवा. जुळ्या भावांच्या बाबतीत फोन फसू शकतो. अडचण होती ती दाढीची. उन्हात माणूस अर्धाच रापत नाही. तुमच्या चेहऱ्याचा खालचा भाग आजवर झाकलेला होता. सकाळीच दाढी काढलीत ना?"

"अरे हो!" कप्तान ओरडला. "काल तर याला दाढी होती!"

भाऊ बाकावर बसला.

"लहानपणी मी याच्याहून चांगला खेळायचो. मग गुडघा गेला. एकदा बाजारात एका मुलीने धावत येऊन माझ्यासोबत फोटो काढला. मग नीट बघितलं, आणि माझ्यादेखत तो पुसून टाकला. तेव्हापासून दाढी वाढवली. वाटलं, एकदा तरी लोकांनी यालाही तसंच पुसून टाकावं."

"मला सांगायचंस तरी," जर्मन हळूच म्हणाला.

"काय सांगू? तू वाईट असतास तर सोपं गेलं असतं."

"तक्रार नोंदवायची?" बाईंनी विचारलं.

जर्मनने मान हलवली. "नको. त्याने बाहेर जाऊन खरं काय ते सांगावं."

भाऊ फाटकाशी गेला. तो चेहरा दिसताच शिव्यांचा भडिमार झाला. एक बाटली त्याच्या खांद्यावर आदळली. त्याने ती चुकवली नाही. मोठ्याने स्वतःचं नाव सांगितलं, ती ओळ आपण लिहिली असंही सांगितलं.

गर्दीत मागून कुणीतरी विचारलं, "हा कोण?"

"माझा दादा आहे," मागोमाग आलेला जर्मन म्हणाला.

पण ते कुणी ऐकलंच नाही. त्याला पाहताच फाटकापलीकडे त्याच्या नावाचा जयघोष सुरू झाला होता.