दोन स्टेशनांच्या मधला आवाज

जवळ सरका रे. दार राहू दे उघडं. हे विचुंब्याच्या कुंदनचं आहे, माझ्या शेजारच्या घरातलं. त्याच्याच तोंडून ऐकलंय, म्हणून सांगतो.

दोन हजार दहाचा डिसेंबर, रविवार, रात्री नऊचा सुमार. जासईला मेहुणीचा साखरपुडा उरकला आणि भाड्यानं आणलेले मोठे टोप पनवेलला परत द्यायला कुंदन टेम्पो घेऊन निघाला. सोबत बायकोचा भाऊ, भगवान. दोघंही पोटभर जेवलेले, एफएमवर गाणी चाललेली.

त्या पट्ट्यात एका स्टेशनवर शेजारचं स्टेशन चढायचं. गाण्यात जाहिरात घुसायची, जाहिरातीत बातम्या. कुंदनला सवय होती. म्हणून गाण्याच्या मागून दणका ऐकू आला, तेव्हा तो हसलाच. "दुसऱ्या स्टेशनला नाटक लागलंय वाटतं."

पुन्हा दणका. लोखंड हाडावर बसावं तसा. मग माणूस ओरडला.

"नको... भगवानदा, सोड मला... मरीन मी..."

भगवान म्हणाला, "दाजी, बंद करा ते."

कुंदननं बटण फिरवलं. गाणं गेलं. ओरडणं राहिलं.

गव्हाण फाट्याच्या अलीकडे कंटेनरच्या रांगा लागतात ना, तिथं भगवाननं सीटखालचा पाना काढला आणि रेडिओवर घातला. घालतच राहिला. काच फुटली, वायरी लोंबल्या, त्याचा स्वतःचा हात रक्तानं भरला.

आवाज थांबला.

कुंदननं श्वास सोडला...

दणका.

या वेळी भगवानचं डोकं दारावर आपटलं. दणका. नाक चेपलं. दणका. दात तुटून त्याच्याच मांडीवर पडले. कुंदननं ब्रेक दाबला आणि त्याला कवेत धरलं. कवेतच बरगडी मोडली. मग दुसरी. कुंदनच्या हातांना कळली.

"मी नाय मारला रं!" भगवान किंचाळला. "मारनारे दुसरे होते... मी फकस्त हात धरले..."

कंटेनर नुसते उभे, रस्त्यावर कुणी नाही.

दणका...

मग काहीच नाही.

भगवान वाचला. पाना कुंदनच्या टेम्पोतला, म्हणून पोलिसांनी कुंदनलाच बसवून ठेवलं. भगवान दवाखान्यात शुद्धीवर आला आणि त्यानं आपणहून जबाब दिला. त्याच रस्त्याला आधी एका ट्रेलर ड्रायव्हरचं प्रेत सापडलं होतं, अपघात म्हणून मिटलं होतं. त्या ड्रायव्हरला कुणी कुणी मारलं, सगळी नावं भगवाननं सांगितली. कुंदनची बायको मात्र भावाला बघायला एकदाही गेली नाही. कुंदनच जायचा, पेज भरवायचा.

एक दिवस नर्सनं हातांच्या पट्ट्या सोडल्या. दोन्ही मनगटांवर काळे वळ. बोटांचे. मागून कुणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखे.

आपण कवेत धरलं तेव्हा उठले असतील, असं कुंदनला वाटलं. त्यानं आपली बोटं त्या वळांवर ठेवून पाहिली.

पुरेनात.